काळ्या गाजराचं बी

गाजर लाल, मुळा पांढरा आणि रताळं वरून तांबडं, आतून पांढरं, एवढ्या ज्ञानावर मी परभणीत बियाण्याच्या दुकानात बसायला लागलो. दुकान वडिलांचं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "जमिनीच्या वर येतं त्याची गिऱ्हाइकाला हमी दे. जमिनीच्या पोटात वाढतं त्याची देऊ नको." मला वाटलं, म्हातारपणी माणूस भित्रा होतो. त्याच हिवाळ्यात पेडगावचा एक शेतकरी आला आणि त्यानं धोतराच्या सोग्यातली गाजरं माझ्यासमोर फळीवर ओतली.

"शेठ, हे गाजरं हायत का जत्रा हाय?"

एक गाजर लालभडक. एक नारिंगी. दोन पिवळी. एक गुलाबी, ते मोडलं तर आत पांढरा दांडा. एकाला तर जांभळट खांदा आणि खाली फिकट शेपूट. सगळी एकाच वाफ्यातली, एकाच पुडीतल्या बियांची आणि पुडी आमच्या दुकानाची. बाजारात त्याच्या गाजरांना कुणी हात लावेना, कारण भोगीच्या भाजीला आणि संक्रांतीच्या सुगडात बायकांना लाल गाजरच लागतं. तो चिडलेला होता आणि त्याचं चिडणं रास्त होतं. मी त्याला दुसरं बी दिलं, चहा पाजला, हात जोडले. तो गेल्यावर मात्र ती गाजरं फेकवेनात. मी ती रंगाप्रमाणे ओळीनं मांडली आणि दुपारभर बघत बसलो. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय मांडलंय?" मी म्हणायचो, "माझी फजिती." पण खरं सांगायचं तर इतकी देखणी फजिती मी आधी पाहिली नव्हती.

हे असं का होतं, ते सांगतो. गाजर पेरलं की खायचं गाजर मिळतं, बी मिळत नाही. बी धरायचं असेल तर तयार गाजर उपटायचं, पाला चार बोटं ठेवून छाटायचा, शेपूट कापून आतला रंग बघायचा आणि मनासारखं असेल तर तेच गाजर दुसऱ्या वाफ्यात पुन्हा रोवायचं. मग त्याच्या डोक्यातून दांडा निघतो, माणसाच्या कमरेला लागतो, त्याच्यावर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उघडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बी पिकतं. ह्या खटाटोपात मधमाशी आगाऊपणा करते. ती एकाच्या रानातल्या लाल गाजराच्या फुलावरून उठते आणि दुसऱ्याच्या रानातल्या पिवळ्या गाजराच्या फुलावर बसते. बांध कुणाचा, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. मग पुढच्या साली वाफ्यात जत्रा भरते.

ती मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. आमच्या दुकानाच्या बाकड्यावर दोन्ही बाजूंची माणसं बसायची, कधी हमरीतुमरीवर यायची, बंद पुकारला की मी अर्धं शटर ओढून आत बी निवडत बसायचो. गावात इतकी धग असताना हा माणूस गाजराच्या रंगांत डोकं घालून बसतो, म्हणून मला वेड्यात काढणारेही होते. पण पेरणीला थांबून चालत नाही. बंद उठला की दोन्हीकडची माणसं मेथी आणि गाजराचं बी मागायला यायचीच.

गाजरांचा नाद लागल्यावर मी मिळेल त्याला विचारून रंगांची माहिती गोळा केली. लाल गाजरात असतो तो टमाट्याचा रंग. नारिंगी-पिवळ्यात असतो तो झेंडूच्या जातकुळीतला. हे दोन्ही पाण्यात उतरत नाहीत, तेला-तुपात उतरतात, म्हणून हलव्याला तूप सुटलं की ते तूपच रंगतं. बिटाचा रंग ह्या सगळ्यांपेक्षा निराळा. तो पाण्यात तर उतरतोच, पण काही माणसांच्या अंगातूनही जशाचा तसा बाहेर येतो. हे शेवटचं मला एका शाळामास्तरांनी शिकवलं. त्यांनी परसात पहिल्यांदाच बीट लावलं होतं. एकदा सकाळी मी कुलूप काढतोय तर मास्तर पायरीवर बसलेले, चेहरा उतरलेला. हळूच कानाशी लागून म्हणाले, "लघवीला रक्त जायलंय. घरी सांगितलं न्हाई. काल तुमचं बीट खाल्लं व्हतं." किती खाल्लं म्हणून विचारलं तर म्हणाले, "ताटभर." मी म्हटलं, "मास्तर, उद्यापर्यंत थांबा. रंग न्हाई उतरला तर मीच तुम्हाला दवाखान्यात नेतो." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि बिटाची आणखी एक पुडी घेऊन गेले.

राहिला काळा. काळ्या गाजराबद्दल मी नुसतं ऐकलं होतं. आमच्या दुकानात एक म्हातारे हकीमसाहेब यायचे. पांढरी दाढी, हातात काठी. त्यांना परसात लावायला पालक न्यायचा असायचा, पण विचारायचे दरवेळी एकच.

"काली गाजर का बीज आया क्या, भाई?"

"न्हाई आलं, हकीमसाहेब. लाल न्या की."

"लाल में क्या रखा है? अब्बा काली गाजर का मुरब्बा बनाते थे. मर्तबान खोले तो सारा घर देखने को आता था." मग काठी आपटत जायचे. निझामाच्या काळात इकडे काळी गाजरं सर्रास होती, असं ते सांगायचे. मला ते खरं वाटायचं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या लहानपणी सगळंच सर्रास असतं.

मग एका हिवाळ्यात मी राणीसावरगावच्या आठवडी बाजारात बी घेऊन गेलो होतो. बाजार उठल्यावर गाडीची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात रस्त्यानं मेंढरं आली. चार-पाच मेंढ्या आणि दोन शेरडं. त्यांच्यामागं डोक्यावरचा पदर दातात धरलेली एक बाई. मेंढरांची तोंडं पाहून मी गाडी विसरलो. सगळ्यांचे ओठ, हनुवटीचे केस, पार नाकपुड्यांपर्यंत जांभळे.

"मावशी, मेंढरांच्या तोंडाला काय झालंय?"

"काय व्हतंय त्यायला? गाजरं खाल्ल्यात."

"कसली गाजरं?"

"काळी," ती म्हणाली. जसं काही गाजरं काळीच असतात.

ही गोदूबाई. धनगराघरची. नवरा आणि थोरला मुलगा मोठा कळप घेऊन निम्मं वर्ष गोदाकाठानं हिंडत असायचे. ही ओढ्याकाठचं तुकडाभर रान आणि मागं राहिलेली लंगडी, गाभण मेंढरं सांभाळायची. तिनं कमरेच्या पिशवीतून एक गाजर काढून माझ्या हातावर ठेवलं. बोटभर लांब, वरून काळ्या मातीत माखल्यासारखं. मी पंच्यानं पुसलं तर ती माती नव्हतीच, गाजराचं कातडंच तसं होतं. मोडलं. आत पिकल्या जांभळासारखा गर आणि मधोमध पिवळा खडा. पंच्याला डाग पडला तो कायमचा. मी त्या बाईसमोर रस्त्यात उभा राहून येड्यासारखा हसत होतो.

"विकत न्हाई का तुम्ही?"

"कोन घेतंय? कालवण काळं व्हतंय म्हनून बाया हात लावीनात."

"मग लावता कशाला?"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "मव्ह्या मायनं दिलंय. तिला तिच्या मायनं. मग काय टाकून द्यावं का?"

मी बी मागितलं तर तिनं मान हलवली. मागच्या साली फुलावर आलेल्या दांड्यांवर गारा पडल्या होत्या. त्याच्या मागच्या साली ती आजारी होती, बी धरलंच नाही. गडूच्या तळाशी जुनं बी उरलं होतं, त्यातलं औंदा पेरलं तर विरळ उगवलं. गाजराचं बी ज्वारीसारखं दम धरत नाही. दोन-तीन वर्षं झाली की निम्मं मरतं, पुढं सगळंच. म्हणजे यंदा वाफ्यात होतं तेवढंच. त्याचं बी धरलं गेलं तर ठीक, नाहीतर तिच्या मायच्या मायपासून आलेलं ते गाजर ह्याच हिवाळ्यात संपणार होतं.

"आन धरून तरी द्यायचं कुनाला?" ती म्हणाली. "लेक न्हाई मला. दोनी पोरंच. पोरायला काय गाजराचं बी द्यावं?"

तेव्हापासून मी राणीसावरगावच्या फेऱ्या वाढवल्या. बायको म्हणायची, "कुठं जायलाव एवढं नटून?" मी म्हणायचो, गाजराकडं. लाल गाजराचं माझं बी पेडगावकडं व्हायचं, तेव्हा माझ्या बियानं इकडं भेसळ व्हायची भीती नव्हती. गोदूबाई आणि मी वाफ्याच्या कडेला बसून वाद घालायचो. ती बियाचं गाजर कातडं बघून निवडायची, मी म्हणायचो शेपूट कापून आत बघा. ती म्हणायची, "माणूस काय कापून बगतेत का?" शेवटी ठरलं की दोन्ही करायचं.

तिच्या थोरल्याचं त्याच साली लग्न झालं होतं. सून पिंगळीची. तिचं नाव सुमन. रेल्वे स्टेशनच्या गावची पोर, सातवीपर्यंत शिकलेली, बुजरी. तिकडची माणसं परभणीच्या बाजारात भाजी विकणारी, हिला मेंढरांची सवय नव्हती. सासू-सुनेचं भांडण नव्हतं, पण गोदूबाईची जीभ दिवसभर चालू. विशेषतः सुमनच्या भाजी चिरण्यावर. ती पोर मेथी असो, वांगं असो, देठाकडचा बोटभर भाग कापून फेकायची.

"भाजी चिरायलीस का झाड तोडायलीस?" गोदूबाई ओरडायची. "निम्मं शेरडायला आन निम्मं माणसायला व्हय?"

सुमन मान खाली घालायची आणि पुढचं वांगं तसंच चिरायची.

डिसेंबरातली अमावास्या आली. ह्या भागात ती येळवस. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिवशी घराला कुलूप आणि सगळा गाव रानात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पुजायचे, रानाला अंबिल शिंपडायची आणि मग जेवायचं. वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा ओढून पंगतीला बसवायचा. जेवणात मुख्य मान भज्जीचा. ही तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, पालक, कांद्याची पात, बोरं, गाजरं, रानात त्या घटकेला जे जे असेल ते सगळं भगुल्यात एकत्र शिजवायचं, वर बेसन लावायचं आणि चिंचेचा कोळ घालायचा. सोबत बाजरीचे उंडे. मी गावोगावच्या येळवशी जेवलोय. दोन रानांतली भज्जी कधी एकसारखी लागत नाही.

गोदूबाईनं मला बोलावलं होतं. आदल्या दिवशी तिनं वाफ्यातली सगळी गाजरं उपटून, शेपटं कापून, निवडून ठेवली होती; नापास झालेली मेंढरांना गेली होती. अमावास्येला नवं काही रोवायचं नाही म्हणून लावणी दुसऱ्या दिवशी ठरली होती. तोवर गाजरं टोपलीत घालून, ओलं पोतं झाकून खोपीच्या सावलीला ठेवलेली. मी पोचलो तेव्हा दुपार चढली होती. शेजारच्या रानातल्या दोघी बायका खोपीत बसल्या होत्या. सुमन चुलीपुढं होती, तिची पहिलीच येळवस. गोदूबाई मला बघून चटकन उठली. "आदी गाजरं बगा, मग जेवा," म्हणाली आणि मोठ्या तोऱ्यात तिनं पोतं उचललं.

पोत्याखाली काहीच नव्हतं. टोपलीसुद्धा नव्हती.

तिनं पोतं झटकलं. जणू गाजरं त्याला चिकटली असतील. मग हाक मारली, "सुमे, हितली गाजरं कुठंयत?"

सुमन हसत वळली. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला मोकळं हसताना पाहिलं. "भज्जीत टाकली की, आत्याबाई. तुमीच म्हनला न्हवं का, रानात जे जे हाय ते समदं टाक, एक बी सोडू नको. एकलीनं समदं केलं बगा."

आणि तिनं भगुल्यावरचं झाकण काढलं. आत काळसर निळा रटरटणारा लगदा. तुरीचे दाणे निळे, वाटाणे निळे, पालक तर ओळखू येईना. शेजारणींपैकी एक दचकून मागं सरकली. "अगं बया! शाई सांडली का ह्यात?" दुसरी म्हणाली, असलं येळवशीला शिजलं तर बरं नसतं. सुमनच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठं गेलं. तिच्या हातात चिंचेच्या कोळाची वाटी होती, ती तिनं चुलीशेजारी ठेवली. गोदूबाई पोतं हातात धरून मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. मला सुमनचीही कीव आली आणि त्या गाजरांचीही हळहळ वाटली. कुणावर रागवावं तेही कळेना. सासूनं सांगितलं ते सुनेनं केलं होतं, एका अक्षराचाही फरक न करता; ती गाजरं बियाची, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी गोदूबाई म्हणाली, "टाक चिंच. शिजवलंय तर नासू नको."

सुमननं वाटी ओतली. आणि आम्ही सगळे त्या भगुल्याकडं बघतच राहिलो. कोळ जिथं जिथं पडला तिथं निळा रंग फाटला आणि आतून गुलाबी वर आला. तिनं पळी फिरवली तसा गुलाबीचा तांबडा झाला, कडेपासून मध्यापर्यंत, बघता बघता. काळ्या गाजराचा रंग पाण्यात उतरतो आणि आंबट लागलं की पालटतो. हे मी ऐकलं होतं, पण भगुलंभर कधी पाहिलं नव्हतं. मघाची ती घाबरलेली शेजारीण म्हणाली, "आईऽऽ, हे तर कुकवावानी झालं की!" आणि पुढं सरकली. इतक्या दुःखात मला तो रंग सुंदर वाटला, याची तेव्हा थोडी लाजही वाटली. गोदूबाईसुद्धा डोळे पुसत बघत होती. तिनं आयुष्यभर ती गाजरं कच्ची खाल्ली होती, मेंढरांना घातली होती, भाजीत चुकून एखादं टाकलं असेल. भगुलंभर कधी शिजवली नव्हती.

तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी ओरडलोच, "सुमन, मुंडकी कुठं टाकलीस?"

"कसली मुंडकी?"

"गाजराची! पाल्याकडचा भाग!"

"टोपलीत हाय. तिकडं, शेरडायला..."

गोदूबाई माझ्या आधी उठली. त्या वयात मी कुठल्याही बाईला तसं पळताना पाहिलं नाही. मीही चप्पल सोडून मागं. बांधाच्या पलीकडं शेरडं बांधली होती. सुमननं टोपली त्यांच्यापासून लांब ठेवली होती, पण एका दांडगट शेळीनं दावं ताणून ती ओढून घेतली होती आणि पाला फस्त करून आता मुंडक्यांना तोंड लावलं होतं. गोदूबाईनं तिच्या तोंडात हात घालून एक मुंडकं बाहेर काढलं. शेळी तिच्यावर उखडली, ही शेळीवर. मी टोपली छातीशी धरून मागं झालो.

आत ओंजळ-दीड ओंजळ मुंडकी उरली होती. मी एकेक उलटून बघायला लागलो. बियाचा दांडा गाजराच्या डोक्यातूनच येतो, पण डोक्याखाली खायला थोडंतरी अंग राहिलेलं पाहिजे. एखाद्या कसबी बाईनं चिरली असती तर पाल्याबरोबर नुसती चकती निघाली असती आणि तिच्यातून काही उगवलं नसतं. सुमननं मात्र प्रत्येक गाजराचं डोकं चांगलं दोन बोटं जाड कापलं होतं.

"एवढं जाड कामून कापलंस गं?" गोदूबाईनं विचारलं. सुमन आमच्या मागं येऊन उभी होती, रडत.

"वर लय काळं दिसायलं व्हतं. मला वाटलं सडलंय."

गोदूबाई तिच्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता ही फटकारणार. पण ती खो खो हसत सुटली, डोळ्यांत पाणी तसंच. "सडलंय म्हनं! आगं, मी तुला रोज शिव्या घालायले जाड चिरतीस म्हनून!" मग मी हसलो, मग शेजारणी, आणि शेवटी सुमनही पदर तोंडाला लावून. येळवशीला खोपीत हसणं नवं नाही, पण त्या दिवसाचं मला अजून ऐकू येतं.

आम्ही भज्जी खाल्ली. उंड्यांबरोबर, अंबिलीबरोबर. तिच्या मायच्या मायपासून आलेल्या गाजरांची ती भज्जी चव घेत, सावकाश खाल्ली. शेजारणींनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. सगळ्यांचे ओठ रंगले होते. चूल विझल्यावर मी चाळलेली राख मागितली, मुंडक्यांच्या ओल्या कापाला ती लावली म्हणजे कूज धरणार नाही. अमावास्या असल्यामुळे लावणी दुसऱ्या दिवशीच होणार होती. मी गोदूबाईला म्हटलं, "उद्या तुम्हीच लावा, हात सवयीचा आहे."

"मी न्हाई," ती म्हणाली. "तिच्या हातानं गेलं, तिच्या हातानंच येऊंदे."

मी परभणीला आलो. हकीमसाहेब पालकाचं बी न्यायला आले आणि काठी टेकून त्यांनी नेहमीचं विचारलं. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, शेळीसकट. ते काठी बाजूला ठेवून बाकड्यावर बसले. मग म्हणाले, "और भज्जी मीठी थी?" मी म्हटलं, आंबट-गोड. त्यांनी मान डोलावली आणि पालक न घेताच गेले.

पुढं हिवाळाभर मी जमेल तेव्हा राणीसावरगावला गेलो. लावलेल्या मुंडक्यांपैकी काही सडली. काहींना पांढरी मुळं फुटली. मग एकेकाच्या डोक्यातून कोवळा हिरवा कोंब वर आला. सुमननं वाफ्याभोवती बोराटीचं कुंपण इतकं घट्ट केलं होतं की मलाही आत जाता येईना. तिनं मला एकदाच विचारलं होतं, भेसळ कशी होते म्हणून. मी मधमाशीची गोष्ट सांगितली. नंतर कळलं की ती आजूबाजूच्या रानांत जाऊन, लाल गाजर कुठं फुलाला आलंय ते शोधून उपटायला लावत होती. एका शेतकऱ्यानं तिला झापलं, "मव्ह्या गाजराला फूल आलं तर तुझं काय गेलं?" तर ही बुजरी पोर त्याच्या बांधावर ठाण मांडून बसली. शेवटी त्यानंच कंटाळून उपटलं. हे मला गोदूबाईनं सांगितलं, आणि सांगताना तिनं सुमनची नक्कल केली, मान खाली घालून बसलेली. तिच्या आवाजात कौतुक होतं. लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

फुलं आली. काळ्या गाजराचं फूल पांढरं असतं, अगदी दुधासारखं. ज्या मुळाचा रंग कपड्याला लागला तर जात नाही, त्याच्या डोक्यावर अशी शुभ्र छत्री. मी बियाण्याच्या धंद्यात म्हातारा झालो, पण ह्याचं नवल काही कमी झालं नाही. मधमाश्या दिवसभर घोंगावत होत्या. आम्ही तिघं कुंपणाबाहेर उभं राहून बघायचो.

ऊन तापायला लागल्यावर निरोप आला की बी पिकलंय. मी दुकानातला एक स्वच्छ पत्र्याचा डबा घेऊन गेलो. माझा हिशेब साधा होता. थोडं बी मी नेणार, माझ्या ओळखीच्या दोन-तीन जागी एकमेकांपासून लांब लावणार, म्हणजे पुन्हा गारा पडल्या तरी सगळं एका जागी बुडणार नाही. सुमन सुपात बी चोळत होती. गाजराच्या बियाला बारीक कुसळं असतात, ती तळहातावर चोळून काढावी लागतात. चोळून झालं तेव्हा सुपाच्या कोपऱ्यात बी जमलं. दोन मुठी असेल. त्या दोन मुठींकडं बघून माझी कित्येक महिन्यांची धाकधूक पहिल्यांदा निवली.

मी डबा पुढं केला.

गोदूबाईनं सूप उचललं आणि सगळंच्या सगळं बी सुमनच्या पुढ्यातल्या गाडग्यात ओतलं. माझ्या डब्यात एक दाणाही पडला नाही.

"मावशी, थोडं तरी," मी म्हटलं.

"मला कामून म्हनायलाव?" ती म्हणाली. "लेक असती तर घिऊन गेली असती सासरी. हिच्याकडं दिलं तर हितंच ऱ्हाईल. आता हे तिचं हाय. ह्याच्या फुडं तिला मागायचं, मला न्हाई."

आणि ती पाठ फिरवून मेंढरांकडं निघून गेली. मी सुमनकडं पाहिलं. तिनं गाडग्यावर फडकं बांधलं, गाठ ओढून पाहिली. मग मान वर करून तिनं माझ्या हातातला रिकामा डबा घेतला.

"ह्यो ठिवून जावा, दादा," ती म्हणाली. "फुडल्या साली भरून ठिवते."